इंग्रजी वाक्यातली क्रियापदं एकाच खुंटीला कशी टांगायची

चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात लागले, तेव्हा माझ्याकडे पहिलं काम आलं ते सूचनापत्रकं लिहिण्याचं. मशीनशेजारी प्लास्टिकच्या कव्हरमध्ये लटकवतात ना, ती. ग्राहक परदेशातला, म्हणून एक प्रत इंग्रजीत आणि एक मराठीत. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर डिप्लोमा. इंग्रजी वाचताना अडायचं नाही, लिहायला बसलं की मात्र घाम फुटायचा. तरी जमवून लिहिलं:

"ओपन द इनलेट व्हॉल्व्ह, क्लोजिंग द ड्रेन अँड प्रेशर शुड बी चेक्ड."

मराठी प्रत छापायची राहून गेली आणि दोन दिवस नुसती इंग्रजी प्रत लटकत होती. त्या मशीनवरचे काका माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, एक विचारू? ड्रेन बंद करत करत इनलेट उघडायचा म्हणता. दोन्ही हात गुंतले तर गेज कोण बघणार?"

काका बरोबर वाचत होते. मला म्हणायची होती तीन कामं, एकामागून एक. पण "ओपन" झाल्यावर स्वल्पविराम देऊन "क्लोजिंग" लिहिलं की इंग्रजी वाचणारा तेच समजतो: हे करता करता ते. तिसऱ्या कामाला तर मी कर्ताच ठेवला नव्हता. प्रेशर तपासलं जावं. कोणाकडून? देव जाणे.

संध्याकाळी तिन्ही क्रियापदं एका रूपात आणली, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. "ओपन, क्लोज, चेक." अरे, क्रमच उलटा आहे! ड्रेन आधी बंद व्हायला हवा. रूपं विसंगत होती तोवर ही चूक झाकलेली होती. नवं वाक्य असं झालं: "क्लोज द ड्रेन, ओपन द इनलेट व्हॉल्व्ह अँड चेक द प्रेशर."

त्यानंतर सहाएक वर्षं रोज इंग्रजी लिहिते आहे आणि नव्याने लागलेल्या मुलामुलींचं लिखाण तपासते आहे. दर वेळी हीच चूक दिसते, म्हणून ही पद्धत लिहून काढली.

चूक कुठून येते

काळांचे तक्ते आम्हाला पाठ होते. गो-वेंट-गॉन झोपेत म्हणायचो. तरी चूक व्हायची, कारण ती मराठीच्या सवयीतून येते. मराठीला क्रियापदांची रांग लावायची हौस नाही. ती शेवटचं एक क्रियापद पुढे करते आणि बाकीची "ऊन" लावून त्याच्या मागे उभी करते. "उठून, अंघोळ करून, डबा घेऊन निघाले." खरी क्रिया एकच, निघाले. इंग्रजीत हीच चार सारख्या मानाची क्रियापदं होतात: "आय गॉट अप, हॅड अ बाथ, टुक माय टिफिन अँड लेफ्ट."

पुरावा घरातच आहे. बालभारतीचं कुठलंही पुस्तक उघडा, सुरुवातीलाच संविधानाची उद्देशिका असते. तिचा शेवट मराठीत असा: "हे संविधान अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण करत आहोत." आता इंग्रजी: "डू हिअरबाय अडॉप्ट, एनॅक्ट अँड गिव्ह टू अवरसेल्व्ह्ज धिस कॉन्स्टिट्यूशन." इंग्रजीत अडॉप्ट, एनॅक्ट, गिव्ह ही तीन क्रियापदं खांद्याला खांदा लावून उभी आहेत, तिन्ही मूळ रूपात, तिन्ही "डू"ला टांगलेली. मराठीत पहिली दोन "करून"मध्ये विरघळली आणि "अर्पण करत आहोत" एवढंच मुख्य क्रियापद उरलं. दोन्ही वाक्यं आपापल्या भाषेत चोख आहेत. पण डोक्यात "करून" असताना हात इंग्रजी लिहू लागला की त्या "ऊन"च्या जागी "आयएनजी" येऊन बसतो. माझं "क्लोजिंग" तिथूनच आलं होतं.

मराठीला सारखेपणा कळत नाही असं मात्र नाही. "शिका, संघटित व्हा, संघर्ष करा" ह्यात तीन आज्ञार्थ एका ओळीत आहेत. "धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं" ही म्हण घ्या. तिच्यात "धरलं तर चावतं, सोडल्यावर पळून जाणं होतं" असा बदल करून मोठ्याने म्हणा. कान लगेच तक्रार करतो ना? इंग्रजीसाठी हाच कान तयार करायचा आहे.

हाताशी काय घ्यायचं

- तुम्हीच लिहिलेल्या तीन जुन्या इंग्रजी ईमेल, एक अर्ज आणि बायोडेटा. कागदावर छापून. पडद्यावर चुका दिसत नाहीत, कागदावर दिसतात.
- दोन रंगांची पेनं. मी लाल आणि निळं वापरते.
- शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा लर्नर्स कोश चालेल. दोन्ही इंटरनेटवर फुकट पाहता येतात. इंग्रजी-मराठी कोश अर्थ सांगतो, पण "अव्हॉइड"नंतर कोणतं रूप येतं ते बहुधा सांगत नाही.
- एक वही. इथली इंग्रजी वाक्यं देवनागरीत आहेत. ती वहीत रोमन लिपीत उतरवून घ्या. उतरवतानाच अर्धा सराव होतो.

व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर ह्या यादीत मुद्दाम ठेवलेलं नाही. ते वापरा, पण सगळ्यात शेवटी. स्पेलिंग ते पकडतं. तुम्हाला तीन कामं सांगायची होती की दोन, हे त्याला ठाऊक नसतं.

पायरी १: जोडणारे शब्द शोधून गोल करा

लाल पेन घ्या आणि "अँड", "ऑर", "बट", "दॅन" ह्या प्रत्येक शब्दाभोवती गोल काढा. वाक्य वाचू नका, नुसते गोल काढत जा. चूक जवळजवळ नेहमी ह्या गोलाच्या उजव्या हाताला असते, कारण तिथे पोचेपर्यंत आपण वाक्याची सुरुवात विसरलेलो असतो. स्वल्पविराम देत केलेली यादी असेल तर तिलाही एक लांबट गोल काढा. दोन मिनिटांचं काम आहे.

पायरी २: खुंटी शोधा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. बाकीच्या पायऱ्या विसरलात तरी चालेल.

यादीतल्या सगळ्या क्रियापदांना सामाईक असलेला, यादीच्या लगेच आधी येणारा भाग म्हणजे खुंटी. क्रियापदं म्हणजे तिला टांगलेले कपडे. उद्देशिकेत खुंटी होती "डू हिअरबाय". आता हे बघा:

"द ऑपरेटर शुड क्लीन द ट्रे, चेक द लेव्हल अँड टू साइन द शीट."

खुंटी "शुड". तिला मूळ रूप लागतं: क्लीन, चेक, साइन. "टू साइन" तिथे बसत नाही. "शुड टू साइन" कोणीच म्हणत नाही. पण मध्ये सात शब्द आले की हात चुकतो.

एका खुंटीवर लांबलचक यादी कशी टांगतात ते पाहायचं असेल तर संविधानाचा ५१ क हा अनुच्छेद, म्हणजे मूलभूत कर्तव्यं, इंग्रजीत वाचा. मी नव्या मुलांना हाच वाचायला देते. खुंटी एकच: "इट शॅल बी द ड्यूटी ऑफ एव्हरी सिटिझन ऑफ इंडिया". पुढे प्रत्येक कलम "टू"ने सुरू होतं: टू अबाइड, टू चेरिश, टू अपहोल्ड, टू डिफेंड, टू प्रमोट. यादी पानभर चालते, पण कुठेही खुंटी सुटत नाही.

आतला बारकावा आणखी छान आहे. दुसऱ्या कलमात "टू चेरिश अँड फॉलो" आहे, "टू" एकदाच. नवव्या कलमात "टू सेफगार्ड पब्लिक प्रॉपर्टी अँड टू अब्जुअर व्हायलन्स", इथे "टू" दोनदा. म्हणजे "टू" एकदाच लिहिला तरी चालतो, प्रत्येक वेळी लिहिला तरी चालतो. दोन क्रिया जवळजवळ असतील तर एकदा पुरतो. लांब असतील तर पुन्हा लिहिलेला वाचायला सोपा जातो. तीन गोष्टींच्या यादीत पहिल्याला आणि तिसऱ्याला "टू", मधल्याला नाही, असं मात्र करू नका. ते बटण तुटलेल्या शर्टासारखं दिसतं.

अकरावं कलम २००२ सालच्या ८६व्या घटनादुरुस्तीने आलं, आणि ते "टू"ने सुरू होत नाही! ते सुरू होतं "हू इज अ पेरेंट ऑर गार्डियन टू प्रोव्हाइड..." असं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, सापडली चूक. मग खुंटीला लावून वाचलं: "प्रत्येक नागरिक, जो पालक आहे, त्याचं कर्तव्य की संधी द्यावी..." खुंटीचा शेवटचा शब्द "इंडिया", आणि "हू" मागच्या "सिटिझन"ला जाऊन चिकटतो. बसलं की! दिसायला वेगळं आहे, टांगलेलं मात्र नीट आहे. म्हणून यादीच्या नुसत्या पहिल्या शब्दांकडे बघून निकाल देऊ नका. खुंटीपासून वाचा.

पायरी ३: एकेक कपडा सुटा टांगून बघा

निळ्या पेनने खुंटीखाली रेघ मारा. मग खुंटी आणि पहिलं क्रियापद, खुंटी आणि दुसरं क्रियापद, खुंटी आणि तिसरं, अशी सुटी वाक्यं मोठ्याने म्हणा.

"आय अॅम इंटरेस्टेड इन लर्निंग सीएनसी प्रोग्रामिंग, रीडिंग ड्रॉइंग्ज अँड टू वर्क इन द टूलरूम."

सुटं करा:
"आय अॅम इंटरेस्टेड इन लर्निंग..." चालतं.
"आय अॅम इंटरेस्टेड इन रीडिंग..." चालतं.
"आय अॅम इंटरेस्टेड इन टू वर्क..." अडलं.

दुरुस्ती: "वर्किंग इन द टूलरूम". "इन", "ऑफ", "फॉर", "बाय" अशा शब्दांनंतर क्रियापद आलं की ते आयएनजी लावूनच येतं.

तोंडातल्या तोंडात पुटपुटून हे जमत नाही, आवाज काढावा लागतो. ऑफिसात लाज वाटत असेल तर जिन्यात जा. मी अजूनही जाते.

पायरी ४: कोणतं रूप घ्यायचं ते खुंटीला विचारा

आयएनजी घ्यायचा की टू, हे आपल्या मर्जीवर नाही. खुंटी ठरवते. रोजच्या कामात लागणाऱ्या एवढ्या पाठ करा, बाकीच्या कोशात पाहा:

आयएनजी मागणाऱ्या: एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, सजेस्ट, कीप, प्रॅक्टिस.
टू मागणाऱ्या: वाँट, डिसाइड, होप, प्लॅन, अग्री, रिफ्यूज, मॅनेज.
नुसतं मूळ रूप मागणाऱ्या: कॅन, शुड, मस्ट, विल आणि लेट, मेक.
दोन्ही चालणाऱ्या: लाइक, लव्ह, हेट, बिगिन, स्टार्ट, कंटिन्यू.

घोटाळा होतो तो ह्या शेवटच्या गटात. "आय लाइक टू रीड" बरोबर, "आय लाइक रीडिंग" बरोबर, म्हणून "आय लाइक रीडिंग, कुकिंग अँड टू ट्रेक" बरोबर असणारच, असं वाटतं. नाही. एका वाक्यात एकदा जे रूप धरलं तेच शेवटपर्यंत. बायोडेटातल्या छंदांच्या ओळीत ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की छंदच लिहू नका असं सांगावंसं वाटतं.

सापळे:

"लुक फॉरवर्ड टू". इथला "टू" क्रियापदाचा नाही, "इन" आणि "ऑफ"च्या जातीचा आहे. म्हणून "आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू अँड डिस्कसिंग द ड्रॉइंग". बरेच जण "मीटिंग" नीट लिहितात, कारण ते वाक्य पाठ असतं, आणि पुढे "अँड डिस्कस" लिहून मोकळे होतात. "कमिटेड टू", "ऑब्जेक्ट टू" आणि "बी युज्ड टू" त्याच जातीचे. "आय युज्ड टू वर्क इन नाइट शिफ्ट" मधला "युज्ड टू" मात्र वेगळा. तो मूळ रूप घेतो.

"स्टॉप" आणि "रिमेंबर". इथे रूप बदललं की अर्थ बदलतो. "स्टॉप टू चेक द गेज" म्हणजे थांबा आणि गेज तपासा. "स्टॉप चेकिंग द गेज" म्हणजे तपासणं बंद करा! नुसतं शेजारच्या क्रियापदाशी जुळावं म्हणून हे रूप बदलू नका. जुळत नसेल तर सरळ दोन वाक्यं करा.

"पुट", "कट", "सेट". ह्यांची तिन्ही रूपं सारखीच, त्यामुळे चूक लपून राहते. शंका आली तर तिथे "टेक" घालून बघा. टेक, टुक, टेकन ही वेगवेगळी दिसतात, मग कळतं कोणतं रूप हवं होतं.

दोन क्रियापदांना दोन वेगळ्या खुंट्या हव्या असतील तर? "आय एन्जॉय अँड वाँट टू लर्न वेल्डिंग" मध्ये "एन्जॉय"ला "टू लर्न" लटकवलं गेलं. दोन्ही खुंट्या वेगवेगळ्या द्या: "आय एन्जॉय वेल्डिंग अँड वाँट टू लर्न मोअर अबाउट इट." आता "एन्जॉय" आणि "वाँट" ही दोघं "आय"ला टांगलेली, आणि प्रत्येकाच्या खाली त्याचं त्याचं.

पायरी ५: जोडीने येणारे शब्द

"आयदर" आणि "ऑर", "नायदर" आणि "नॉर", "बोथ" आणि "अँड", "नॉट ओन्ली" आणि "बट ऑल्सो". जोडीतल्या पहिल्या शब्दानंतर जे येतं, तसंच दुसऱ्यानंतर यायला हवं. इथे बहुधा रूप चुकत नाही, जागा चुकते.

"ही नॉट ओन्ली चेक्ड द ड्रॉइंग बट ऑल्सो द पार्ट." पहिल्यानंतर क्रियापद, दुसऱ्यानंतर वस्तू. "नॉट ओन्ली" एक घर पुढे सरकवा: "ही चेक्ड नॉट ओन्ली द ड्रॉइंग बट ऑल्सो द पार्ट." झालं.

"दॅन" वापरून तुलना करतानाही तेच: "रिपेअरिंग द पंप इज चीपर दॅन बाइंग अ न्यू वन." "दॅन टू बाय" नको.

पायरी ६: अर्धी सोडलेली सहायक क्रियापदं

"वी हॅव नॉट अँड विल नॉट शिप द लॉट." ऐकायला करारी वाटतं. सुटं करा: "वी हॅव नॉट शिप"? "हॅव"ला "शिप्ड" हवं, "विल"ला "शिप". एक शब्द दोघांना पुरत नाही. "वी हॅव नॉट शिप्ड द लॉट, अँड वी विल नॉट शिप इट."

दुसरी ह्याहून जास्त दिसते. "द फॉर्म शुड बी फिल्ड अँड सबमिट." अशा पाट्या नोटिसबोर्डावर खूप असतात. इथे खुंटी नुसती "शुड" नाही, "शुड बी" आहे. तिला "फिल्ड" लागलं तसं "सबमिटेड"ही लागणार. त्याहून मी म्हणेन, "फिल इन द फॉर्म अँड सबमिट इट" लिहा. "करण्यात यावे" ह्या सरकारी मराठीची सावली इंग्रजीवर पडू देऊ नका. करणारा समोर उभा आहे, त्याला थेट सांगा.

पायरी ७: काळ सांभाळा, "बघतो तर काय" इंग्रजीत चालत नाही

आपण गोष्ट सांगतो ती अशी: "काल सप्लायरकडे गेले, बघते तर काय, माल तयारच नाही!" गेले भूतकाळ, बघते वर्तमानकाळ, आणि पुढचं "नाही"ही वर्तमानकाळच. मराठीत ह्यातच जिवंतपणा आहे. गोष्ट ऐन रंगात आली की वर्तमानकाळात उडी मारायची, ही आपली जुनी खोड. हेच ईमेलमध्ये उतरलं की असं होतं:

"यस्टरडे आय वेंट टू द सप्लायर अँड सी दॅट द मटेरियल इज नॉट रेडी."

"इज" वाचून ग्राहकाला कळेना, माल काल तयार नव्हता की आजही नाही. त्याने फोन करून विचारलं. हवं होतं: "आय वेंट टू द सप्लायर अँड सॉ दॅट द मटेरियल वॉज नॉट रेडी." आजही तयार नसेल तर तसं वेगळं लिहा: "इट इज स्टिल नॉट रेडी टुडे."

दुसरी उडी "की"ची. "तो म्हणाला की उद्या पाठवतो." मराठी बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवते, आणि आपण लिहितो "ही सेड दॅट आय सेंड टुमॉरो". वाचणाऱ्याला वाटतं, माल तुम्हीच पाठवणार. इंग्रजीत माणूसही बदलतो आणि काळही एक पाऊल मागे जातो: "ही सेड ही वुड सेंड इट द नेक्स्ट डे." उद्या अजून उजाडायचा असेल तर "टुमॉरो" तसाच ठेवा.

पण सगळी क्रियापदं एकाच काळात कोंबायची असाही अर्थ काढू नका. नव्याने शिकलेली मुलं इथे दुसऱ्या टोकाला जातात. "वी टेस्टेड द पंप यस्टरडे अँड विल डिस्पॅच इट टुमॉरो." दोन काळ आहेत आणि अगदी बरोबर आहेत, कारण दोन वेळा आहेत. साधी तपासणी: क्रियापदाशेजारी काल, आज, उद्या ह्यांपैकी कोणता शब्द बसतो ते विचारा. शब्द बदलला तर काळ बदलू द्या. शब्द तोच असेल तर काळही तोच.

पायरी ८: बायोडेटा

सगळ्यात लवकर फायदा इथे होतो. माझ्याकडे आलेल्या एका मुलाच्या बायोडेटात जुन्या नोकरीखाली अशा ओळी होत्या:

"रिस्पॉन्सिबल फॉर इन्स्पेक्शन"
"हँडलिंग कस्टमर कंप्लेंट्स"
"आय हॅव प्रिपेअर्ड कंट्रोल प्लॅन"
"ट्रेनिंग वॉज गिव्हन टू ऑपरेटर्स"

चार ओळी, चार तऱ्हा. शेवटच्या ओळीत तर ट्रेनिंग कोणी दिलं ते कळतच नाही. त्यानेच दिलं होतं, आणि त्याच्या सगळ्या अनुभवात तीच सर्वात मोलाची गोष्ट होती. नोकरी सोडलेली, म्हणून साधा भूतकाळ, आणि प्रत्येक ओळीच्या तोंडाशी क्रियापद:

"इन्स्पेक्टेड इनकमिंग पार्ट्स"
"हँडल्ड कस्टमर कंप्लेंट्स"
"प्रिपेअर्ड कंट्रोल प्लॅन्स"
"ट्रेन्ड ऑपरेटर्स"

सध्याची नोकरी असेल तर साधा वर्तमानकाळ: "इन्स्पेक्ट", "हँडल", "प्रिपेअर", "ट्रेन". दोन नोकऱ्यांसाठी दोन काळ, पण एका नोकरीखाली एकच. इथे न दिसणारी खुंटी "आय" आहे, म्हणून "हँडल्स" असा एस लावू नका.

परीक्षा देणाऱ्यांसाठी

बँकेच्या आणि एसएससीच्या (दहावीच्या नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या) परीक्षांत चूक ओळखायच्या प्रश्नात "अँड" दिसला की आधी त्याच्या उजवीकडचा तुकडा तपासा. पायरी ३ मनातल्या मनात करायची, दहा सेकंद लागतात. आयईएल्टीएस, म्हणजे परदेशी जाणारे देतात त्या इंग्रजीच्या परीक्षेत, लेखनाला चार निकष असतात आणि व्याकरणाची विविधता आणि अचूकता हा त्यातला एक. म्हणजे लेखनाचे पाव गुण तिथे आहेत. लांब वाक्य लिहून मध्येच रूप सोडण्यापेक्षा मध्यम वाक्य नीट टांगलेलं बरं.

सरावाला एक स्वस्त उपाय. जीमॅट ह्या एमबीए प्रवेशाच्या परीक्षेच्या २०२३ साली आलेल्या नव्या रूपातून वाक्य दुरुस्त करण्याचे प्रश्न काढून टाकले. त्यामुळे जुनी पुस्तकं परीक्षार्थींच्या उपयोगाची राहिली नाहीत. पण त्यातले नेमके हेच प्रश्न आपल्या कामाचे. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात चाळून बघा. उत्तरांसकट असलेलं घ्या, नाहीतर स्वतःशीच भांडत बसाल.

रोज किती करायचं

पहिले पंधरा दिवस, त्या दिवशी पाठवलेल्यांपैकी एकच ईमेल रोज छापा आणि पायरी १ ते ३ करा, बस. चौथी पायरी वहीतल्या यादीवरून हळूहळू अंगवळणी पडते. काळाची चूक सगळ्यात शेवटी सुटते. माझ्या हातून ती अजूनही होते, विशेषतः रागात लिहिलेल्या ईमेलमध्ये; म्हणून तशी ईमेल मी जेवण झाल्यावर पाठवते.

सूचनापत्रक लिहीत असाल तर एक तपासणी आणखी करा. पत्रकातली फक्त क्रियापदं सुटी काढून एका चिठ्ठीवर लिहा आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याला दाखवा. मी त्या वेळी "क्लोज, ओपन, चेक" एवढंच लिहून काकांकडे नेलं. त्यांनी चिठ्ठी वाचली, मशीनकडे बघत हवेतल्या हवेत हात फिरवला आणि म्हणाले, "चेक झाल्यावर साइन कुठे करायची, ते राहिलं."